आमदारावर भ्रष्टाचाराचा गुन्हा दाखल होतो, तेव्हा पुढे नेमकं काय होतं?

भोसरी एमआयडीसीतल्या जमिनीचा विषय पुण्यात निघाला की एक प्रश्न हमखास येतो. एवढे आरोप झाले, मंत्रिपद गेलं, गुन्हाही दाखल झाला, तरी माणूस पुन्हा आमदार कसा होतो? विचारणाऱ्याच्या आवाजात चीड असते आणि ती रास्त आहे. पण ‘कायद्यात दमच नाही’ असं म्हणून विषय सोडून दिला, तर कायदा नेमका कुठे अडतो आणि त्याला कोण अडवू शकतं, हे कळायचं राहून जातं. म्हणून हे प्रकरण हाताशी धरून सगळा रस्ता पाहू.

एकनाथ खडसे १९९० पासून सलग सहा वेळा जळगाव जिल्ह्यातून विधानसभेवर निवडून गेले. २०१४ मध्ये भाजपचं सरकार आल्यावर ते महसूलमंत्री झाले. एप्रिल २०१६ मध्ये भोसरीतली सुमारे तीन एकर जमीन त्यांच्या पत्नी आणि जावई यांच्या नावावर ३ कोटी ७५ लाख रुपयांना खरेदी झाली. ही जमीन एमआयडीसीच्या संपादनातली आहे, बाजारभाव कितीतरी जास्त होता आणि व्यवहारासाठी मंत्रिपदाचा वापर झाला, असा आरोप झाला. खडसे यांनी हे आरोप कायम फेटाळले आहेत आणि या प्रकरणात न्यायालयाने त्यांना दोषी ठरवलेलं नाही, हे इथेच स्पष्ट सांगायला हवं.

पुढचा क्रम असा. ४ जून २०१६ रोजी त्यांनी राजीनामा दिला. निवृत्त न्यायमूर्ती दिनकर झोटिंग यांची चौकशी समिती बसली. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि एप्रिल २०१७ मध्ये लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने, म्हणजे एसीबीने, पुण्यात बंडगार्डन पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला. वर्षभराने, एप्रिल २०१८ मध्ये, त्याच विभागाने पुण्याच्या न्यायालयात प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. २०१९ मध्ये पक्षाने खडसे यांना तिकीट दिलं नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये ते राष्ट्रवादीत गेले. त्यानंतर ईडीचा, म्हणजे केंद्राच्या अंमलबजावणी संचालनालयाचा, तपास सुरू झाला आणि जुलै २०२१ मध्ये जावयाला अटक झाली. जून २०२२ मध्ये खडसे विधान परिषदेवर निवडून आले. त्याच महिन्याच्या अखेरीस राज्यातलं सरकार बदललं आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने एसीबीला पुन्हा तपास करायला परवानगी दिली.

राजीनामा, समिती, गुन्हा, बंद अहवाल, ईडी, फेरतपास. यातल्या एकाही गोष्टीने कायद्याच्या दृष्टीने आमदारकीला धक्का लागत नाही. मंत्रिपद हे राजकीय पद आहे, ते मुख्यमंत्र्यांच्या मर्जीवर असतं आणि ते एका दिवसात जाऊ शकतं. आमदारकी मतदारांनी दिलेली असते आणि गुन्ह्याच्या कारणावरून ती काढून घेण्यासाठी कायद्याने एकच क्षण ठरवला आहे. तो म्हणजे न्यायालयाने दोषी ठरवल्याचा.

आमदारकी जाते ती कधी

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ याचं कलम ८ इथे लागू होतं. साधारण गुन्ह्यांसाठी दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली तर माणूस अपात्र ठरतो. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली दोषी ठरला तर शिक्षा किती झाली हे पाहावंच लागत नाही, दोषी ठरणं पुरेसं आहे. अपात्रता शिक्षा भोगत असताना असतेच, शिवाय सुटकेनंतर आणखी सहा वर्षं राहते. चार वर्षांची कैद झाली तर हिशेब दहा वर्षांचा होतो. म्हणजे विधानसभेच्या दोन निवडणुका गेल्या.

२०१३ पर्यंत विद्यमान आमदार-खासदारांना यातून एक पळवाट होती. तीन महिन्यांत अपील दाखल केलं की अपिलाचा निकाल लागेपर्यंत पद टिकायचं. अपील वर्षानुवर्षं चालायचं, तोवर मुदत संपायची. १० जुलै २०१३ रोजी लिली थॉमस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे उपकलम घटनाबाह्य ठरवलं. तेव्हापासून निकालाचा दिवस हाच पद जाण्याचा दिवस.

हे प्रत्यक्षात कसं घडतं ते सुनील केदार यांच्या बाबतीत महाराष्ट्राने पाहिलं. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचा घोटाळा २००२ मधला. निकाल लागला २२ डिसेंबर २०२३ रोजी, पाच वर्षांची शिक्षा झाली आणि लगोलग सावनेरची आमदारकी गेली. जानेवारी २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने शिक्षा स्थगित करून त्यांना जामीन दिला. ‘शिक्षेला स्थगिती मिळाली, मग पद परत का नाही?’ असं तेव्हा अनेक जण विचारत होते. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. शिक्षा स्थगित होणं म्हणजे अपील चालेपर्यंत तुरुंगात जावं लागत नाही, एवढंच. पद वाचवायचं असेल तर दोषी ठरवण्यालाच स्थगिती मिळावी लागते आणि न्यायालयं ती क्वचित देतात. केदार यांना ती मिळाली नाही. नोव्हेंबर २०२४ ची निवडणूक ते लढू शकले नाहीत, त्यांच्या पत्नी उभ्या राहिल्या आणि हरल्या. याउलट राहुल गांधी यांना मानहानीच्या खटल्यात ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धीलाच स्थगिती दिली, म्हणून त्यांची खासदारकी परत आली.

केदार यांच्या प्रकरणातले २००२ आणि २०२३ हे आकडे मात्र विसरू नका. कायदा निकालाच्या दिवशी फार कडक आहे. प्रश्न आहे तो निकालाच्या आधीच्या एकवीस वर्षांचा. या वर्षांत माणूस निवडणुका लढतो, मंत्री होतो, आणि हे सगळं कायदेशीर असतं.

तक्रार ते खटला: वेळ कुठे जातो

आमदारावरची प्रकरणं सहसा सापळ्याची नसतात. सापळा म्हणजे पावडर लावलेल्या नोटा, दोन पंच, लपून बसलेलं पथक आणि रसायनात बुडवल्यावर रंग बदलणारे हात. तलाठी, हवालदार, अभियंते यात सापडतात, कारण पैसे तेच हातात घेतात. आमदाराच्या बाबतीत आरोप असतो तो बेहिशेबी मालमत्तेचा, नाहीतर पदाचा वापर करून कुणाला तरी फायदा करून दिल्याचा.

बेहिशेबी मालमत्तेचा खटला म्हणजे शेवटी वजाबाकी असते. एसीबी एक कालावधी ठरवते, समजा आठ वर्षांचा. सुरुवातीला मालमत्ता ४० लाखांची होती. आठ वर्षांत ज्ञात मार्गांनी ९० लाख मिळाले, खर्च ५० लाख झाला. शिल्लक ४० लाख राहायला हवी. पण शेवटी मालमत्ता २ कोटींची निघाली, म्हणजे वाढ १ कोटी ६० लाखांची झाली. त्यातले ४० लाख समजतात, उरलेले १ कोटी २० लाख कुठून आले हे आता आमदाराने सांगायचं. समाधानकारक सांगता आलं नाही, तर गैरमार्गाने कमावले असं गृहीत धरायची मुभा कायदा देतो.

ऐकायला सोपं वाटतं, पण या गणितातल्या प्रत्येक आकड्यावर लढाई होते. सातबारा दाखवून शेतीचं उत्पन्न सांगितलं जातं. शेतीवर प्राप्तिकर नाही, त्यामुळे जुना कागद सापडेलच असं नाही, आणि बागायत नेमकी किती पिकली याचे दहा जबाब होतात. पत्नीचा व्यवसाय, भावाशी सामाईक मालकी, लग्नात आलेला आहेर, बंगल्याचं मूल्यांकन, ठरवलेला कालावधीच चुकीचा असल्याचा आक्षेप. यातली प्रत्येक गोष्ट खरीही असू शकते. म्हणूनच ही प्रकरणं प्रामाणिकपणे चालवली तरी वेळ खातात.

पण वेळ फक्त पुराव्यात जात नाही. बराचसा जातो परवानग्यांमध्ये. २०१८ च्या दुरुस्तीने भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात कलम १७अ आलं. लोकसेवकाने पदावर असताना केलेली शिफारस किंवा घेतलेला निर्णय यावर संशय असेल, तर चौकशीलाच आधी सक्षम अधिकाऱ्याची मान्यता हवी. हातोहात पकडलेल्या लाचेला ही अट नाही. तपास पुरा झाल्यावर पुन्हा कलम १९ आहे. न्यायालयाने खटला दाखल करून घेण्याआधी अभियोजनाची, म्हणजे खटला चालवण्याची, मंजुरी लागते. आमदाराला पदावरून काढणारा वरिष्ठ अधिकारी नसतो, मग मंजुरी द्यायची कुणी? १९९८ मध्ये नरसिंह राव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की संसद कायदा करेपर्यंत सभागृहाच्या अध्यक्षांची किंवा सभापतींची परवानगी घ्यावी. मंत्र्याच्या बाबतीत गोष्ट राज्यपालांकडे जाते.

या मंजुरीचं काय होऊ शकतं, याचं ठळक उदाहरण मुंबईतल्या ‘आदर्श’ गृहनिर्माण सोसायटीच्या गैरव्यवहार प्रकरणात आहे. अशोक चव्हाण यांनी नोव्हेंबर २०१० मध्ये मुख्यमंत्रिपद सोडलं. डिसेंबर २०१३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल के. शंकरनारायणन यांनी त्यांच्यावर खटला चालवायला मंजुरी नाकारली. केंद्रात आणि राज्यात सरकारं बदलली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्यपाल सी. विद्यासागर राव यांनी मंजुरी दिली. डिसेंबर २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण मत बदलावं असा नवा, टिकणारा पुरावा समोर आलेला नव्हता. चव्हाण दोषी होते की निर्दोष, यावर यात कुणी निकालच दिला नाही. सात वर्षं फक्त ‘खटला चालवू द्यायचा का’ या प्रश्नात गेली. हे त्यांच्यावरही अन्यायाचं आहे आणि आपल्यावरही.

मंजुरीचा हा वाद महाराष्ट्राला जुना आहे. बॅ. अ. र. अंतुले यांनी जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्रिपद सोडलं, ते सिमेंटवाटप आणि त्यांनी काढलेल्या प्रतिष्ठानच्या देणग्यांच्या प्रकरणात उच्च न्यायालयाच्या निकालानंतर. पुढे मुद्दा निघाला की ते अजून आमदार आहेत, मग आमदार हा लोकसेवक आहे की नाही? १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘नाही’ म्हटलं, म्हणून मंजुरीचीही गरज उरली नाही. १९८८ च्या नव्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लोकसेवकाची व्याख्या रुंदावली आणि आमदार-खासदार तिच्यात येतात हे १९९८ मध्ये पक्कं झालं. अंतुले त्यानंतर खासदार झाले, २००६ मध्ये केंद्रात मंत्रीही झाले.

‘क्लीन चिट’ म्हणजे काय

बातमीत हा शब्द आला की मी आधी पाहते की ती दिली कुणी. पोलिसांनी किंवा एसीबीने न्यायालयाला दिलेला बंद अहवाल हा तपास यंत्रणेचा अभिप्राय असतो. महाराष्ट्रात त्याला समरी म्हणतात. गुन्हा खरा पण पुरावा वा आरोपी सापडत नाही ती ‘ए’ समरी, तक्रार खोटी आणि द्वेषाने केलेली ती ‘बी’, आणि गैरसमजातून किंवा दिवाणी वादातून झालेली ती ‘सी’. न्यायालय तो अहवाल स्वीकारू शकतं, नाकारू शकतं, पुढचा तपास करायला सांगू शकतं. तक्रारदाराला त्यावर आक्षेप घेता येतो. भोसरी प्रकरणात २०१८ चा अहवाल असूनही २०२२ मध्ये फेरतपास होऊ शकला तो यामुळेच.

आरोप निश्चित होण्याआधीच न्यायालयाने ‘खटला चालवण्याइतकंही यात नाही’ म्हणून सोडणं ही दोषमुक्ती. छगन भुजबळ मार्च २०१६ ते मे २०१८ ईडीच्या प्रकरणात तुरुंगात होते आणि महाराष्ट्र सदनाच्या एसीबी प्रकरणात सप्टेंबर २०२१ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केलं. साक्षीपुरावे होऊन शेवटी सुटणं ही निर्दोष मुक्तता. या तीन गोष्टींना एकच नाव देणं चुकीचं आहे, आरोपीच्या बाजूने आणि विरोधातही.

ईडीबद्दल एवढंच लक्षात ठेवा: तिचं प्रकरण मूळ गुन्ह्यावर उभं असतं. मूळ गुन्ह्यातून माणूस सुटला किंवा तो गुन्हाच रद्द झाला, तर ईडीचा खटलाही टिकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं आहे.

तुरुंगातला आमदार

अटकेपासून आमदाराला कायद्याचं संरक्षण नाही. फौजदारी गुन्ह्यात अटक करता येते, विधिमंडळाच्या अध्यक्षांना कळवावं लागतं, आणि विधानभवनाच्या आवारात अटक करायची तर त्यांची परवानगी लागते. आत असतानाही तो आमदारच असतो. परवानगीशिवाय ६० दिवस सभागृहात गैरहजर राहिलं तर जागा रिकामी करता येते, पण ते दिवस अधिवेशनाचे मोजतात आणि आपली अधिवेशनं किती आखूड असतात हे सगळ्यांना ठाऊक आहे.

जून २०२२ मध्ये हा विषय एकदम तापला. अनिल देशमुख आणि नवाब मलिक दोघेही कोठडीत होते. १० जूनची राज्यसभेची आणि २० जूनची विधान परिषदेची निवडणूक, दोन्हींत त्यांना मत देता आलं नाही, कारण लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६२(५) नुसार तुरुंगातल्या माणसाला निवडणुकीत मतदान करता येत नाही. मात्र २९ जूनला सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दुसऱ्या दिवशीच्या बहुमत चाचणीत भाग घ्यायला परवानगी दिली. सभागृहातलं मत ही आमदाराची जबाबदारी आहे, ती निवडणूक नव्हे. त्या रात्री उद्धव ठाकरे यांनी राजीनामा दिला आणि चाचणीची वेळच आली नाही.

सभागृहातल्या मताबद्दल एक मोठा बदल अलीकडचा आहे. नरसिंह राव खटल्यातल्या त्याच १९९८ च्या निकालाने लाच घेऊन सभागृहात मत देणाऱ्याला विशेषाधिकाराचं कवच मिळालं होतं. ४ मार्च २०२४ रोजी सीता सोरेन खटल्यात सात न्यायमूर्तींनी एकमताने ते काढून घेतलं. लाच घेतली तिथेच गुन्हा पुरा होतो, मग मत कुणालाही द्या. घोडेबाजाराची चर्चा करताना हा निकाल हाताशी असू द्या.

तिकिटाचा निकाल

बबनराव घोलप युतीच्या पहिल्या सरकारात समाजकल्याणमंत्री होते. अण्णा हजारे यांनी त्यांच्यावर आरोप केले, घोलप यांनी बदनामीचा खटला भरला आणि १९९८ मध्ये शिक्षा झाली ती अण्णांना. घोलप यांनी १९९९ मध्ये मंत्रिपद सोडलं, तरी देवळालीतून ते निवडून येत राहिले. मार्च २०१४ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने बेहिशेबी मालमत्तेसाठी त्यांना तीन वर्षांची शिक्षा सुनावली. तेव्हा ते शिर्डीतून लोकसभेचे जाहीर उमेदवार होते. शिवसेनेने ऐनवेळी सदाशिव लोखंडे यांना उभं केलं आणि ते जिंकले. त्याच वर्षी विधानसभेला देवळालीतून घोलप यांचे चिरंजीव निवडून आले.

आरोप झालेल्या आमदाराचं पुढे काय होतं, हे त्यामुळे बहुतेक वेळा पक्ष ठरवतो. खडसे यांना न्यायालयाने नाही, पक्षाने थांबवलं. पुण्याचे खासदार सुरेश कलमाडी एप्रिल २०११ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धांच्या प्रकरणात अटकेत गेले, जानेवारी २०१२ मध्ये जामिनावर आले, २०१४ मध्ये त्यांना काँग्रेसची उमेदवारी मिळाली नाही. ईडीने आर्थिक गैरव्यवहाराच्या तपासात दिलेला बंद अहवाल दिल्लीच्या न्यायालयाने स्वीकारला तो एप्रिल २०२५ मध्ये. जानेवारी २०२६ मध्ये ते गेले. या माणसाबद्दल पुण्यात दोन टोकाची मतं आहेत, पण निवडणुकीच्या राजकारणातून तो बाहेर गेला तो कुठल्याही निकालाशिवाय, हे दोन्ही बाजूंना मान्य करावं लागेल.

मग आरोप निश्चित झाले की लगेच निवडणूकबंदी करावी का? विधी आयोगाने २०१४ मध्ये गंभीर गुन्ह्यांसाठी तशी शिफारस केली होती. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की असा कायदा संसदेने करावा, न्यायालय तो करू शकत नाही. संसदेने केलेला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये मांडलेलं १३० वं घटनादुरुस्ती विधेयक सलग ३० दिवस कोठडीत असलेल्या मंत्र्यांचं पद काढण्याबद्दल आहे, आमदारकीबद्दल नाही.

मला स्वतःला नुसत्या गुन्ह्यावरून किंवा अटकेवरून पद काढणं धोक्याचं वाटतं. एसीबी राज्याच्या गृहखात्याखाली काम करते, ईडी केंद्राच्या अर्थखात्याखाली. सरकार बदललं की फायली बंद होतात आणि उघडतात, हे भोसरी आणि आदर्शमध्ये आपण पाहिलं. अशा यंत्रणेच्या हाती मतदारांचा कौल देऊ नये. मागणी करायची तर वेळेची करावी. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातच लिहिलं आहे की खटला दोन वर्षांत संपवण्याचा प्रयत्न करावा, आणि कारणं नोंदवून मुदतवाढ दिली तरी एकूण चार वर्षांच्या वर जाऊ नये. आमदार-खासदारांसाठी विशेष न्यायालयं आहेत, पुण्यातही आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयांना अशा खटल्यांवर स्वतःहून देखरेख ठेवायला सांगितलं आहे. नवा कायदा न करताही एवढं होऊ शकतं.

आपल्याला तपासता येईल असं बरंच काही उघड्यावर आहे. प्रत्येक उमेदवाराचं नमुना २६ मधलं शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतं. कोथरूड असो, हडपसर असो की भोसरी, प्रलंबित गुन्ह्यांच्या तक्त्यात पोलीस ठाणं, गुन्हा क्रमांक, न्यायालय, कलमं आणि आरोप निश्चित झाले का, कोणत्या तारखेला, हे लिहावंच लागतं. कलमांमध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याचं १३(१)(ड) दिसलं तर गुन्हा जुलै २०१८ च्या आधीचा आहे असं समजा. पदाचा वापर करून दुसऱ्याला फायदा करून देणं हे त्यात होतं आणि ते कलम दुरुस्तीत वगळलं गेलं. खटला क्रमांक ई-कोर्ट्सवर टाकला की आधीच्या सगळ्या तारखा, त्या दिवशी काय झालं आणि पुढची तारीख कोणती, हे दिसतं. तारीख पडते तेव्हा कारणही तिथेच नोंदवलेलं असतं: साक्षीदार गैरहजर, वकील गैरहजर, आरोपीचा अर्ज, सरकारी वकिलांनी मागितलेली मुदत. उमेदवार कोपरासभेला आला की ही यादी हातात ठेवून विचारता येतं, गेल्या वर्षभरात तारखा तुमच्या बाजूने किती वेळा मागितल्या?